वळवाच्या दिवसांत आठवड्याचा हवामान अंदाज कसा वाचावा



पाडवा झाला, की मारुंजी, नेरे, जांबे, कासारसाई या बाजूच्या आमच्या फिरतीत एक प्रश्न हमखास निघतो. "साहेब, येत्या आठ दिवसांत वळीव हाय का?" विहिरीने तळ गाठलेला असतो, सुरू ऊस फुटव्यावर आलेला असतो आणि पाण्याची पाळी चार दिवसांनी लांबवता आली तर बरे, असे प्रत्येकाला वाटत असते. हे वाटणे साहजिक आहे. त्याबद्दल आम्ही कुणाला नावे ठेवणार नाही.

मारुंजीच्या एका गटसभेत मात्र एक जुने सभासद जरा तावातच उठले. म्हणाले, "तुम्ही सांगता अंदाज ऐका. ऐकला. पुणे जिल्ह्यात पाऊस सांगितला म्हणून मी पाणी तोडलं. पाऊस पडला हिंजवडीच्या कंपन्यांवर. माझ्या शिवारात धूळ तेवढी उडाली. सहा दिवस ऊस सुकला तो सुकलाच. आता हा अंदाज खरा म्हणायचा का खोटा?"

सभेत हशा झाला, पण प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. आमचे त्यांना उत्तर असे होते, की अंदाज खरा होता, तो वाचण्यात चूक झाली. हे तोंडी सांगून तेव्हा कुणाचे समाधान झाले नाही. म्हणून सविस्तर लिहीत आहोत.

अंदाजातले शब्द

हवामान खात्याचे शब्द आपल्या बोलीतलेच दिसतात, पण त्यांना मोजून-मापून अर्थ दिलेला आहे. इथेच गफलत होते. 'तुरळक ठिकाणी पाऊस' म्हणजे तुरळक, म्हणजे थोडासा पाऊस, असे आपण समजतो. तसे नाही. 'तुरळक' हा शब्द पाऊस किती पडेल ते सांगत नाही, किती जागी पडेल ते सांगतो. त्या भागात पर्जन्यमापनाची जेवढी ठिकाणे आहेत, त्यांपैकी शंभरात पंचवीस किंवा त्याहून कमी ठिकाणी पाऊस होईल, एवढाच त्याचा अर्थ. 'काही ठिकाणी' म्हटले की सव्वीस ते पन्नास टक्के. त्यापुढे 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत, आणि त्याच्याही वर गेले की 'बहुतेक सर्व ठिकाणी'.

आता किती पडेल, याचे शब्द वेगळे. 'हलका पाऊस' म्हणजे चोवीस तासांत २.५ ते १५.५ मिलिमीटर. 'मध्यम' म्हणजे १५.६ ते ६४.४ मिलिमीटर. 'जोरदार' किंवा 'मुसळधार' हा शब्द खाते ६४.५ च्या पुढेच वापरते. आपण पन्हाळी वाजली की मुसळधार म्हणतो, ते वेगळे.

तेव्हा 'तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह हलका पाऊस' हे वाक्य कानावर आले, तर त्याचा अर्थ काय झाला? चार शिवारांपैकी फार तर एका शिवारात पाऊस येईल, आणि येईल तिथे बोटाच्या दोन पेरांपेक्षा कमीच ओल जाईल. बाकीची तीन शिवारे कोरडी राहिली, तरी अंदाज खराच ठरतो. आमच्या त्या सभासदांचे शिवार त्या तिघांत होते.

आणखी एक बारीक गोष्ट. खात्याचा दिवस मध्यरात्री बदलत नाही, सकाळी साडेआठला बदलतो. सकाळी साडेआठला पर्जन्यमापक पाहतात आणि मागच्या चोवीस तासांचा पाऊस त्या तारखेला लिहितात. म्हणून वर्तमानपत्रात आलेला पाऊस बहुधा आदल्या दुपारचा असतो. 'काल तर पडला, आज कशाला लिहिलाय' असे म्हणून कुणी कुणाशी वाद घालू नये.

वळीव असा का वागतो

मृगाचा पाऊस आणि वळीव यांची जातच निराळी. पावसाळ्यातला पाऊस समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याबरोबर शेकडो मैलांच्या पट्ट्यावर पसरून येतो. वळवाचा ढग आपल्या रानातच, आपल्या डोळ्यांदेखत तयार होतो. एप्रिलमध्ये दुपारपर्यंत जमीन तव्यासारखी तापते. तिच्याजवळची हवा हलकी होऊन वर उठते. तिच्यात दमटपणा नसेल तर नुसती वावटळ उठते आणि विरते. पण बंगालच्या उपसागरावरून किंवा अरबी समुद्रावरून ओलसर हवा आत आलेली असेल, तर वर गेल्यावर त्या बाष्पाचे ढग होतात आणि ते चढत चढत दहा-बारा किलोमीटर उंचीपर्यंत जातात. फुलकोबीसारखा फुगत जाणारा, खाली काळा आणि वर लोहाराच्या ऐरणीसारखा पसरलेला ढग आपण सर्वांनीच पाहिला आहे. तोच हा.

बातम्यांत 'विदर्भापासून दक्षिणेकडे कमी दाबाचा पट्टा' असे शब्द आपण उन्हाळ्यात वरचेवर ऐकतो. या पट्ट्यावर दोन बाजूंचे वारे गाठ घेतात आणि ओलसर हवा आत खेचली जाते. पट्टा पश्चिमेकडे सरकला की मध्य महाराष्ट्रात, म्हणजे आपल्याकडे, वळवाचे दिवस येतात. तो विदर्भ-मराठवाड्याकडे राहिला की आपल्याकडे नुसता उकाडा. असा पट्टा तीन-चार दिवस आधी नकाशावर दिसतो. म्हणूनच 'गुरुवार-शुक्रवारी पुणे जिल्ह्यात वळवाची शक्यता' हे खाते आठवड्याच्या सुरुवातीला सांगू शकते.

पण ढग नेमका कुठे उठेल? जांब्याच्या माळावर, का हिंजवडीच्या काचेच्या इमारतींवर, का पवनेच्या खोऱ्यात? हे चार दिवस आधी कुणालाही सांगता येत नाही. एकेका ढगाचा पसारा काही किलोमीटरचा आणि आयुष्य तासा-दीड तासाचे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत तयार झालेली 'भारत फोरकास्टिंग सिस्टीम' ही नवी पद्धत मे २०२५ पासून वापरात आली. तिच्या हिशेबाची जाळी सहा किलोमीटरची आहे, पूर्वीची बारा किलोमीटरची होती. चाळण बारीक झाली, हे चांगलेच झाले. पण सहा किलोमीटरच्या एका चौकटीत मारुंजी, हिंजवडी आणि जांबे यांचे किती गट बसतात ते तुम्हीच पाहा. गट नंबर सांगून पाऊस देणारे यंत्र अजून निघालेले नाही.

खात्याची शिवाजीनगरची वेधशाळा मारुंजीपासून सरळ रेषेत पंधरा-सोळा किलोमीटर. तिथला आकडा तो आपला आकडा, असे समजण्यातही अर्थ नाही.

वेधशाळेचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. शिवाजीनगरला 'सिमला ऑफिस' का म्हणतात, हे नव्या पिढीला ठाऊक नसते. १८७५ साली स्थापन झालेल्या हवामान खात्याचे मुख्य कार्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आले, म्हणून ते नाव पडले. पुढे मुख्य कार्यालय दिल्लीला गेले, नाव राहिले. याच पुण्यात १९३२ साली डॉ. एल. ए. रामदास यांच्या देखरेखीखाली शेतीसाठी हवामानाचा अभ्यास सुरू झाला, आणि त्याच १९३२ साली पाडेगावला ऊस संशोधन केंद्र निघाले. १९४५ पासून शेतकऱ्यांसाठी हवामानाच्या बातम्या रेडिओवरून दिल्या जाऊ लागल्या. म्हणजे हे शास्त्र आपल्या दाराशी वाढलेले आहे.

पाण्याचा हिशेब

आता मुद्द्यावर येऊ. पाऊस सांगितला म्हणून पाळी तोडावी का?

एक मिलिमीटर पाऊस एका एकरावर पडला, तर ते पाणी सुमारे चार हजार लिटर होते. हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा, फार कामाचा आहे. वळवाने दहा मिलिमीटर दिले, म्हणजे एकरी चाळीस हजार लिटर. तुमची मोटर तासाला चाळीस हजार लिटर पाणी फेकत असेल, तर दहा मिलिमीटरचा वळीव म्हणजे एकरामागे मोटरचा एक तास. ऐकायला वाईट वाटते, पण हिशेब हिशेब आहे.

दुसऱ्या बाजूने पाहू. एप्रिलच्या कोरड्या उन्हात उघड्या भांड्यातले पाणी दिवसाला आठ-नऊ मिलिमीटरने उतरते असे हिशेबासाठी धरू. दोन-अडीच महिन्यांच्या सुरू उसाने अजून जमीन झाकलेली नसते, त्याला याच्या निम्मे, म्हणजे चार-साडेचार मिलिमीटर लागते. कमरेच्या वर गेलेल्या आडसालीला जवळजवळ सगळेच, आठ-नऊ मिलिमीटर. म्हणजे दहा मिलिमीटरचा वळीव तुमच्याच शिवारात पडला, तरी सुरू उसाला दोन दिवसांचे आणि आडसालीला एक दिवसाचे पाणी मिळाले. आणि तो तुमच्या शिवारात पडण्याची शक्यता चारात एक. त्यासाठी सहा दिवस पाणी तोडायचे? फुटव्याच्या वेळी ताण बसला तर फुटवे मरतात, आणि मेलेला फुटवा पुढे जुलैत कितीही पाणी दिले तरी परत येत नाही. शिवाय ताण पडलेल्या, तापलेल्या उसात खोडकिडीचे फावते ते निराळेच.

म्हणून आमचे स्पष्ट मत असे, की 'तुरळक ठिकाणी' या शब्दावर पाण्याची पाळी कधीही तोडू नये. वळीव आला तर तो वरकड मिळाला असे समजावे. पाऊस पडून गेल्यावर किती मिलिमीटर पडला ते मोजावे आणि मग पुढची पाळी एक-दोन दिवस लांबवावी. आधी मोजणे, मग पाळी लांबवणे. उलटे नाही.

याला अपवाद आहे, तोही सांगितला पाहिजे. अरबी समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले, चक्रीवादळाची भाषा सुरू झाली आणि अंदाजात 'बऱ्याच ठिकाणी' किंवा 'बहुतेक सर्व ठिकाणी' असे शब्द आले, तर ते वळवाचे लक्षण नव्हे. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाच्या वेळी, आणि ३ जून २०२० ला निसर्ग वादळ मावळ-मुळशीवरून गेले तेव्हा असेच शब्द आधी येऊन गेले होते. मे २०२५ मध्ये तर मोसमी पाऊस २४ तारखेला केरळात आणि २६ तारखेला मुंबईत पोचला. मुंबईची नेहमीची तारीख ११ जून. बारामती-दौंडकडे मेच्या शेवटच्या आठवड्यात शेतात तळी साचली. रोहिणी निघाल्या नाहीत तोवर पाऊस कशाचा, असे म्हणून जे बसले, त्यांची बांधणी आणि खत दोन्ही राहिले. अशा आठवड्यात पाणी जरूर थांबवावे आणि चर मोकळे करावेत.

खताचे गणित उलटे आहे

पाण्याच्या बाबतीत आम्ही अंदाजावर विसंबू नका म्हणालो. खताच्या बाबतीत नेमके उलटे सांगणार आहोत, तेव्हा घोटाळा करून घेऊ नये.

सुरू उसाला हेक्टरी २५० किलो नत्राची शिफारस आहे. त्यातला चाळीस टक्के हप्ता लागणीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी द्यायचा असतो. म्हणजे हेक्टरी १०० किलो, एकरी ४० किलो नत्र. युरियाच्या हिशेबात ४५ किलोच्या जवळजवळ दोन गोण्या. फेब्रुवारीतल्या लागणीला हा हप्ता ऐन एप्रिलमध्ये येतो.

आता समजा, दुपारी तुम्ही या दोन गोण्या वरून फेकल्या आणि चार वाजता तुमच्या शिवारावर वळीव कोसळला. वळीव थोडा वेळ पडतो, पण पडतो तेव्हा दणक्यात पडतो. अर्ध्या तासात पाणी सरीतून धावते आणि युरिया त्याच्याबरोबर ओढ्याला जातो. आपल्या भागात हे जास्त होते, कारण वरच्या अंगाला प्लॉटिंग, रस्ते आणि सिमेंट झाले आहे. पूर्वी माळात मुरणारे पाणी आता थेट शेतात उतरते, आणि ओढेही अरुंद झालेत. जून २०२५ मध्ये हिंजवडीचे रस्ते एका पावसात पाण्याखाली गेले ते सर्वांनी पाहिलेच.

इथे शक्यता चारात एक असली, तरी थांबण्यात तोटा काहीच नाही. खत दोन दिवस उशिरा गेले म्हणून उसाचे काही बिघडत नाही. दोन गोण्या वाहून गेल्या तर परत येत नाहीत. म्हणून 'तुरळक ठिकाणी' एवढा शब्द जरी आला, तरी त्या दोन दिवसांत उघड्यावर खत टाकू नये. खरे म्हणजे उन्हाळ्यात युरिया उघड्यावर टाकूच नये. तापल्या जमिनीवर त्यातले नत्र हवेत उडून जाते. बुडख्यापासून थोड्या अंतरावर पहारीने खड्डे घेऊन किंवा चळी घेऊन खत मातीआड करावे आणि हलके पाणी द्यावे. मातीआड केलेल्या खताला वळवाची भीती बरीच कमी.

खोडव्याचेही तसेच. पाचट जाळू नये, हे आम्ही दरवर्षी लिहितो आणि दरवर्षी धूर दिसतो, असो. पाचटावर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १० किलो जिवाणू संवर्धक टाकायचे असते. हे काम वळवाच्या आदल्या दिवशी करू नये. वळीव होऊन पाचट भिजल्यावर करावे. त्या ओलीचा फायदा जिवाणूंना मिळतो.

पावसाआधी वाऱ्याचा रकाना वाचावा

आपण अंदाजात पाऊस शोधतो. आमचे म्हणणे असे, की या दिवसांत आधी वारा आणि वीज पाहावी. नुकसान त्यांनीच होते.

वळवाच्या ढगातून पाऊस खाली येताना वाटेतल्या कोरड्या हवेत त्याचे काही पाणी सुकते. त्याने हवा एकदम गार आणि जड होते आणि धाडकन खाली आदळून चारी बाजूंना पसरते. म्हणून आधी धूळ येते, मग गार वारा, मग टपोरे थेंब. वाऱ्याचा हा धक्का पाऊस न पडणाऱ्या शिवारालाही बसतो. आमच्या सभासदांच्या शिवारात 'धूळ तेवढी उडाली', ती हीच. 'ताशी ४० ते ५० किलोमीटर वेगाने वारे' असे अंदाजात असेल, तर पाऊस तुमच्याकडे येवो न येवो, वारा येणार असे धरून चालावे.

हे काही घाबरवण्यासाठी लिहीत नाही. १७ एप्रिल २०२३ च्या संध्याकाळी आपल्याच बाजूला, किवळ्याजवळ मुंबई-बंगळूर महामार्गाच्या सेवा रस्त्यावर, वादळी वाऱ्या-पावसात आडोशाला थांबलेल्या लोकांवर जाहिरातीचे लोखंडी होर्डिंग कोसळले. पाच माणसे गेली. पाऊस चुकवायला माणूस जो आडोसा शोधतो, तोच वाऱ्यात घातक ठरू शकतो. पत्र्याची शेड, वाळलेले झाड, होर्डिंग, उसाने भरलेल्या ट्रॉलीची वाऱ्याकडची बाजू, यांच्याजवळ थांबू नये.

उसाच्या दृष्टीने वाऱ्याची दोन कामे आहेत. आडसाली ऊस या दिवसांत आठ-नऊ महिन्यांचा आणि उंच असतो. ओल्या जमिनीत वारा लागला की तो लोळतो. म्हणून वाऱ्याचा इशारा असेल त्या दिवशी आडसालीला पाणी सोडू नये. एक दिवस आधी द्यावे किंवा एक दिवस नंतर. पाळी तोडायची नाही, फक्त दिवस सरकवायचा. दुसरे काम विजेच्या तारांचे. झोल पडलेल्या तारा वाऱ्यात एकमेकींना घासून ठिणगी पडते आणि वाळलेल्या पाचटात ती क्षणात फड पेटवते. तारांखालचा पट्टा आधीच स्वच्छ करून ठेवावा, झोल पडलेल्या तारांची लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. पोच घ्यायची विसरू नये.

वीज

हंगाम लांबला की तोडणीच्या टोळ्या एप्रिलमध्येही शिवारात असतात. २०२१-२२ चा हंगाम तर राज्यात जूनपर्यंत चालला. ही माणसे बीड-नगरकडची, कोप्यांत राहणारी, त्यांच्याजवळ बातम्या पाहायला ना वेळ ना सोय. अंदाज आपल्या मोबाईलवर येतो, पण दुपारी तीन वाजता उघड्या फडात, हातात कोयता घेऊन ती उभी असतात. त्यांना सांगणे हे आपले काम आहे, असे आम्हाला वाटते.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजावे. तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला, म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत आहे आणि पुढची तुमच्या डोक्यावर पडू शकते. लगेच काम सोडून पक्क्या घरात किंवा बंद टपाच्या ट्रकच्या केबिनमध्ये जावे. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास बाहेर पडू नये. बांधावरच्या एकट्या आंब्याखाली माणसेही थांबवू नयेत आणि बैलही बांधू नयेत. कोपी हा आडोसा नव्हे. सरीत पाणी असेल तर त्यातून बाहेर यावे. जवळ काहीच नसेल, तर पाय जुळवून उकिडवे बसावे, आडवे झोपू नये.

'दामिनी' नावाचे सरकारी ॲप मोबाईलवर फुकट मिळते, ते आपल्या आसपास वीज पडण्याचा इशारा देते. टोळीच्या मुकादमाच्या मोबाईलवर ते घालून द्यावे. पाच मिनिटांचे काम आहे.

एक आठवडा वाचून पाहू

नमुन्यादाखल एक अंदाज घेऊ. हा आम्ही समजावण्यासाठी तयार केला आहे, कोणत्याही चालू आठवड्याचा नाही. सोमवार, मंगळवार आकाश निरभ्र, कमाल तापमान ३९ अंश. बुधवारी दुपारनंतर अंशतः ढगाळ. गुरुवार, शुक्रवार तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह हलका पाऊस, वारे ताशी ४० ते ५० किलोमीटर, पिवळा इशारा. शनिवारी तुरळक ठिकाणी हलका पाऊस. रविवारी कोरडे.

पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे हात-पाय हलवा, आता वाट पाहू नका. हिरवा असला की इशारा नाही.

आता कामे लावू. सोमवारी-मंगळवारी ऊन कडक, पण वारा नाही. सुरू उसाला खत द्यायचे राहिले असेल तर सोमवारी मातीआड करून हलके पाणी द्यावे, म्हणजे गुरुवारपर्यंत ते मुरलेले असेल. आडसालीची पाळी गुरुवारी येत असेल तर ती बुधवारी सकाळीच उरकावी. शनिवारवर ढकलू नये, ऊन कडक आहे. तोडणी चालू असेल तर ती पहाटेपासून अकरापर्यंत. तुटलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळपाला गेला पाहिजे, एरवी उन्हाने वजन घटते. गुरुवार-शुक्रवारी काळ्या रानातला फड तोडायला घेऊ नये. ट्रॉली रुतली तर दोन दिवस मोडतात. रस्त्याकडेचा, मुरमाड रानातला फड घ्यावा. खोडकिडीसाठी ट्रायकोकार्ड लावायची असतील तर ती मंगळवारी किंवा थेट रविवारी लावावीत, वाऱ्या-पावसात नकोत. आणि गुरुवारी, शुक्रवारी दुपारी दोननंतर उघड्या शिवारात बाया-माणसे ठेवू नयेत. तसेच पिकाला पाणी कमी आहे म्हणून दोन टक्के पोटॅश आणि दोन टक्के युरियाची फवारणी करायची झाली, तर तीही बुधवारच्या आत.

गुरुवारचा अंदाज सोमवारी वाचून कामाचा आराखडा करावा, पण बुधवारी संध्याकाळी तो पुन्हा वाचावा. पहिल्या दोन-तीन दिवसांचा अंदाज भरवशाचा असतो, पाचव्या-सहाव्या दिवसाचा नुसता अंदाज. पट्टा सरकला की पिवळा इशारा मावळही होतो आणि नारिंगीही. प्रत्यक्ष त्या दिवशी दुपारी पुढच्या तीन तासांचा तातडीचा इशारा निघतो, तो सर्वांत उपयोगी.

शेतीसाठीचे जिल्ह्याचे पत्रक दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघते, त्यात पुढच्या पाच दिवसांचा अंदाज आणि पिकांचा सल्ला असतो. 'मेघदूत' ॲपवर ते मराठीत मिळते. पुढच्या दोन आठवड्यांचा ढोबळ कल दर गुरुवारी जाहीर होतो. गावच्या व्हॉट्सॲप गटावर लाल-पिवळे नकाशे फिरतात, त्यांवरची तारीख आधी पाहावी. मागच्या वर्षीचा नकाशा पुढे ढकललेला आम्ही स्वतः पाहिला आहे, आणि कबूल करायला हरकत नाही, एकदा आम्हीही तो पुढे पाठवला होता.

राहता राहिला पाऊस मोजण्याचा प्रश्न. त्याला यंत्र लागत नाही. सरळ कडांचा, सपाट बुडाचा एक डबा घ्यावा. झाड, घर, शेड यांपासून दूर, उघड्यावर, वाऱ्याने उडणार नाही असा विटांत बसवावा. सकाळी साडेआठला मुलाच्या कंपासपेटीतली पट्टी उभी धरून आत किती मिलिमीटर पाणी आहे ते पाहावे, कॅलेंडरवर त्या तारखेखाली लिहावे आणि डबा रिकामा करावा. उन्हाळ्यात दुपारचा पाऊस सकाळपर्यंत थोडा आटतो, म्हणून वळीव थांबल्याबरोबर एकदा पाहिलेले बरे. मारुंजी गटातल्या दहा-बारा शिवारांत असे डबे बसले, तर कुठल्या अंगाला वळीव जास्त येतो ते दोन-तीन उन्हाळ्यांत आपल्यालाच कळेल. ज्या सभासदांना नोंदी ठेवायच्या आहेत त्यांनी गटकार्यालयात चिटबॉयकडे नाव, गाव आणि गट नंबर द्यावा. नोंदीचे कागद तिथेच मिळतील. महिनाअखेरीस भरलेला कागद परत द्यावा, आकडा शून्य असला तरी.